कोच निघून गेला, सही तशीच राहिली: अमेरिकन कॉलेज फुटबॉल चालवणाऱ्यांना एका आईचे खुले पत्र

प्रति,
मा. चार्ली बेकर, अध्यक्ष, एनसीएए (कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संस्था), इंडियानापोलिस,
तसेच डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटातील सर्व विद्यापीठांचे अध्यक्ष आणि क्रीडा संचालक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

३ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी सात वाजता, टेक्ससमधील आमच्या गावच्या हायस्कूलच्या जिममध्ये माझ्या मुलाने एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. त्याला अठरा पूर्ण झालेली नसल्यामुळे त्याच्या सहीखाली पालक म्हणून माझीही सही आहे. त्यानंतर सहाव्या दिवशी त्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकांनी दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी पत्करली. नाताळच्या आत त्यांचे जवळपास सगळे सहायक गेले. १४ जानेवारीला तिथल्या नव्या सहायक प्रशिक्षकांनी फोन करून सात-आठ मिनिटांत सांगितले की त्यांनी पोर्टलमधून, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्या कॉलेज खेळाडूंच्या यादीतून, एक अनुभवी किकर (चेंडू पायाने मारून गुण मिळवणारा खेळाडू; माझा मुलगाही तोच) घेतला आहे, आणखी एक येऊ घातला आहे, करारातली शिष्यवृत्ती कोणी काढून घेणार नाही, पण मुलाच्या हिताचा विचार केला तर त्याने दुसरीकडे पाहिलेले बरे. ज्या दोन विद्यापीठांना आम्ही नकार कळवला होता, त्यांच्या जागा तोपर्यंत भरलेल्या होत्या.

त्या विद्यापीठाचे नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनी आपल्या संस्थेचा एकही नियम मोडलेला नाही, आणि म्हणूनच मी हे पत्र त्यांना न लिहिता नियम करणाऱ्यांना लिहिते आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीत ते जाहीर करण्याचे कारण असे की डॅलसपासून न्यू जर्सीपर्यंत मराठी घरांतली काही मुले आता शाळेच्या फुटबॉल संघात दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना या भरतीच्या व्यवहाराची तोंडओळखही नसते. आम्हालाही नव्हती.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा गोल चेंडूचा खेळ, आणि तो पेठापेठांत इतका भिनलेला आहे की शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने असले की घरातली जेवणाची वेळ बदलते. माझे वडील तिथे खेळले. सुट्टीत गेलेल्या नातवाला त्यांनीच अंगणात अनवाणी उभे करून चेंडूला पाय कसा लावायचा ते शिकवले. इथे आल्यावर हायस्कूलच्या कोचने त्याचा पाय पाहिला आणि लांबट चेंडू त्याच्यापुढे ठेवला. दोन खांबांमधले तेवीस फूट चार इंचांचे अंतर आणि दहा फूट उंचीवरचा आडवा दांडा, हे त्याचे तेव्हापासूनचे जग आहे.

कोल्हापुरात कुस्तीसाठी मुलगा तालमीत घालायचा, तर आईबाप आधी वस्ताद कोण आहे ते पाहतात. माती कुठेही सारखीच असते, पोराला घडवणारा माणूस सारखा नसतो. कॉलेज फुटबॉलमध्ये विद्यापीठ निवडणारी मुलेही नेमके तेच करतात, हे मी गेल्या दोन वर्षांत जवळून पाहिले. बाहेरच्यांना वाटते की मुले झगमगणारी स्टेडियम पाहून किंवा पैसा पाहून निवड करतात. काही करतातही. पण आमच्या शाळेतल्या ज्या सहा-सात मुलांना ऑफर आल्या, त्यांच्या घरी चाललेली चर्चा वेगळीच होती. आपल्या जागेवर सध्या कोण खेळतो आणि त्याची किती वर्षे उरली आहेत, आपल्या जागेचा प्रशिक्षक कोण आहे आणि तो खरे बोलतो का, गाडीने घरी यायला किती तास लागतात, हवा तो विषय शिकता येईल का, खर्च कोण करणार, आणि हाडबिड मोडले तर पुढे काय, या प्रश्नांभोवतीच ती फिरत असे.

किकरच्या बाबतीत तर पहिलाच प्रश्न सगळे ठरवतो. संघात किकर दोन-तीन असले तरी मैदानावर एकच उतरतो, आणि तो एकदा स्थिरावला की तीन-चार वर्षे हलत नाही. आम्ही स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर एक तक्ता लावला होता. त्यात तीन विद्यापीठे होती. पहिले दक्षिणेतले, मोठ्या नावाचे, पण तिथे शिष्यवृत्तीशिवाय वॉक-ऑन म्हणून या असे सांगितलेले. दुसरे, जिथे त्याने पुढे सही केली ते, पूर्ण शिष्यवृत्ती देणारे आणि ज्यांचा किकर त्या हंगामानंतर संपणार होता असे. तिसरे आयव्ही लीगमधले, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नसते, घरच्या परिस्थितीनुसार मदत मिळते, आणि जिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंग करता आले असते.

जूनमध्ये आम्ही दुसऱ्या विद्यापीठाच्या अधिकृत भेटीला गेलो. मुलाला संघाचा पोशाख घालून फोटो काढले, रात्री जेवायला नेले. त्यातले काहीही मला फारसे आठवत नाही. आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. स्पेशल टीम्सचे, म्हणजे किकर वगैरेंच्या तुकडीचे, प्रशिक्षक आम्हा तिघांना रिकाम्या स्टेडियममध्ये घेऊन गेले आणि गोलपोस्टच्या टोकांना बांधलेल्या फिती त्यांनी मुलाला दाखवल्या. एका बाजूच्या फिती दक्षिणेकडे फडकत होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ स्थिर होत्या. ते म्हणाले की या मैदानात वारा प्रेक्षागृहाच्या कोपऱ्यातून वळून येतो, तो ओळखायला एक हंगाम जातो, आणि म्हणूनच मला पहिल्या वर्षापासून तयार करायला मुलगा हवा आहे, पोर्टलमधला तयार माणूस नको. माझ्या मुलाने खिशातून वही काढून ते लिहून घेतले. परतीच्या विमानात त्याने निर्णय सांगितला. त्याने विद्यापीठ निवडले ते या माणसाच्या त्या बोलण्यावर, आणि तो माणूस त्या दिवशी खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. त्यांची नोकरी मुख्य प्रशिक्षकांच्या नोकरीवर अवलंबून होती, एवढेच त्यांनी आम्हाला सांगितले नाही आणि आम्हाला विचारायचे सुचले नाही.

आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडते.

पहिली तक्रार 'ऑफर' या शब्दाबद्दल आहे. आपल्या नियमांप्रमाणे लेखी ऑफर मुलाच्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून देता येते. त्याआधी जे काही मिळते ते तोंडी असते, तरी प्रशिक्षक फोनवर 'आम्ही तुला ऑफर देत आहोत' असेच म्हणतात आणि मुले ते सगळ्या जगाला कळवतात. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच ऑफर अशा असतात की मुलाने उलट फोन करून 'मी येतो' म्हटले, तर समोरून 'जरा थांब, आत्ता घाई करू नकोस' असे उत्तर येते, कारण त्या जागेसाठी त्यांच्या यादीत वरचा मुलगा अजून ठरायचा असतो. उलट ज्याला घाईने हवा असतो त्याला शुक्रवारपर्यंतची मुदत मिळते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ प्रशिक्षकांना माहीत असतात, सोळा वर्षांच्या मुलाला नसतात. तोंडी होकार कोणालाच बांधत नाही हे मी समजू शकते. मुलेही शेवटच्या क्षणी दुसरीकडे वळतात. परंतु मुलाने शब्द फिरवला की त्याच्या नावाने बातमी होते, विद्यापीठाने फिरवला की मुलाला फक्त फोन येणे बंद होते.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची आहे, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे. पूर्वी सही फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी होत असे. २०१७ पासून डिसेंबरमधली आगाऊ सही सुरू झाली, २०२४ पासून ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. प्रशिक्षकांच्या बदल्या मात्र नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत चालतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षक लिंकन रायली ओक्लाहोमातून आणि ब्रायन केली नोत्र दाममधून दोन दिवसांच्या अंतराने गेले. निक सेबन यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा अलाबामाच्या नव्या मुलांच्या सह्या होऊन तीन आठवडे झाले होते. गेल्या वर्षी लेन किफिन ३० नोव्हेंबरला ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) गेले, सहीला तीन दिवस उरले असताना. यांपैकी कोणालाही मी दोष देत नाही. निवृत्त होण्याचा आणि चांगली नोकरी घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. प्रश्न असा आहे की वस्ताद कोण राहणार हे ठरण्याच्या आधी मुलाकडून सही घेण्याची निकड नेमकी कोणाला आहे? मुलांना ती नाही. आम्ही आणखी नऊ आठवडे आनंदाने थांबलो असतो.

ज्या मुलांना जानेवारीतच कॉलेजात दाखल व्हायचे असते त्यांना आधी सही करावी लागते, हे उत्तर मला याआधी मिळालेले आहे. त्यांना खुशाल करू द्यावी. उरलेल्यांना त्यांच्यामागे का ओढायचे?

तिसरी तक्रार सहायक प्रशिक्षकांविषयी आहे. मुख्य प्रशिक्षक गेले तर संघातल्या मुलांना बाहेर पडण्यासाठी आपण वेगळी मुदत देता, कारण माणूस गेला की निवडीचा आधार जातो हे आपल्यालाही मान्य आहे. पण मुलाची भरती करणारा, त्याच्या शाळेत येऊन बसणारा, रोज सरावात त्याच्यासोबत राहणारा माणूस हा त्याच्या जागेचा सहायक प्रशिक्षक असतो. तो गेला तर आपल्या पुस्तकात काहीच घडलेले नसते.

ट्रॅव्हिस हंटर यांची गोष्ट या संदर्भात मला नेहमी आठवते. डिसेंबर २०२१ मध्ये त्या वर्षीच्या सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या या मुलाने फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द मागे घेऊन प्रशिक्षक डियॉन सँडर्स यांच्यासाठी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेटची निवड केली. वर्षभराने सँडर्स कोलोराडोला गेले, हंटर पोर्टलमधून त्यांच्या मागोमाग गेले, आणि सर्वोत्तम कॉलेज फुटबॉल खेळाडूला मिळणारी २०२४ ची हाइझमन ट्रॉफी त्यांनी तिथे मिळवली. त्यांनी माणूस निवडला होता आणि त्यांना त्या माणसाबरोबर जाता आले. यादीत पाचशेव्या किंवा दोन हजाराव्या क्रमांकावर असलेल्या मुलाला कोणी प्रशिक्षक बरोबर नेत नाही. माझ्या मुलाला शिकवणारे ते गृहस्थ आता ज्या संघात आहेत तिथे दुसऱ्या वर्षाचा किकर आधीपासून आहे, आणि त्यांनी ते आम्हाला प्रामाणिकपणे कळवले.

चौथी तक्रार जागांच्या हिशोबाची. ट्रान्स्फर पोर्टल २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, २०२१ मध्ये एकदा वर्ष वाया न घालवता संघ बदलण्याची मुभा मिळाली, २०२४ मध्ये कितीही वेळा बदलण्याची. ही मुभा योग्यच आहे आणि ती काढून घ्यावी असे मी म्हणणार नाही. त्याआधी प्रशिक्षक रातोरात जाऊ शकत होता आणि मुलगा गेला तर त्याला वर्षभर बसून राहावे लागे, हा उघड अन्याय होता. मात्र पोर्टल आल्यापासून प्रशिक्षकांना हायस्कूलच्या मुलाला दोन वर्षे घडवण्यापेक्षा बाविशीचा तयार खेळाडू आणणे सोपे झाले आहे. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या 'हाउस' नावाच्या खटल्यातली तडजोड ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केली, आणि ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी शिष्यवृत्ती ८५ जणांना मिळे, पण तिच्याशिवाय खेळणाऱ्या वॉक-ऑन मुलांना दार उघडे असे, आणि कितीतरी किकर त्याच दाराने आत येत. आता ते दार किलकिले राहिले आहे. अशा वेळी मुलाला कळायला हवे की त्याच्या जागेसाठी गेल्या तीन वर्षांत या संघाने हायस्कूलमधून किती मुले घेतली, त्यांतली किती अजून तिथे आहेत, आणि किती जण पोर्टलमधून आणले. हा हिशोब प्रत्येक संघाच्या भरती विभागाकडे तयार असतो. आम्ही तो जुन्या संघयाद्या चाळून, रात्री जागून, अर्धवट जमवला.

पैशाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण किकरच्या वाट्याला तो फारसा येत नाही. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात; २०२५-२६ या पहिल्या वर्षी त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. कोणत्या जागेला साधारण किती मिळते, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. २०२४ मध्ये खेळाडू जेडेन रशाडा यांनी १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार फिसकटल्याबद्दल फ्लोरिडाच्या प्रशिक्षकांसह इतरांवर दावा लावला. एवढ्या मोठ्या रकमेचा शब्द जर न्यायालयात जाऊन तपासावा लागत असेल, तर लहान रकमांची काय कथा? याच ओघात आणखी एक गोष्ट आमच्या समाजाच्या जिव्हाळ्याची आहे. आईवडिलांच्या व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांना असे पैसे घेताना कामाच्या परवानगीची अडचण येते, आणि एका चुकीने त्यांचे इथले राहणेच धोक्यात येऊ शकते. आमच्या ओळखीच्या एका घराला हे भरती करणाऱ्यांपैकी कोणीही सांगितले नाही. ते त्यांना वकिलाकडून कळले.

पाचवी आणि शेवटची तक्रार शिक्षणाची. महाविद्यालयीन फुटबॉल खेळाडूंपैकी एनएफएल या व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचणारे सुमारे १.६ टक्के, असे आपलीच संस्था सांगते. म्हणजे शंभरातल्या उरलेल्या ९८ मुलांसाठी पदवी हाच या सगळ्या कष्टांचा मोबदला आहे. आपण प्रत्येक संघाचा पदवी पूर्ण करण्याचा दर प्रसिद्ध करता, परंतु अभ्यासात पात्र असताना संघ सोडून गेलेला मुलगा त्या गणितातून वगळला जातो. दरवर्षी कितीतरी मुले सोडून जातात त्या काळात हा आकडा पालकाला काय सांगणार? इंजिनिअरिंगची प्रयोगशाळा दुपारी असते आणि सरावही दुपारी असतो. त्या भेटीत मी हे विचारले तेव्हा 'सोय करू' असे उत्तर मिळाले. फुटबॉल संघातली किती मुले आज इंजिनिअरिंग शिकत आहेत, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

ऑगस्ट २०२४ पासून आपण खेळातील दुखापतींचा उपचार पदवीनंतरही किमान दोन वर्षे विद्यापीठांवर बंधनकारक केला, याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. मुलांच्या बाजूने नियम करता येतो हे त्यावरून दिसते. म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

ऑफर द्यायची तर लेखी द्यावी, आणि मुलाने आज होकार दिला तर त्याच्यासाठी जागा आहे की नाही, शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे आणि ऑफर कोणत्या तारखेपर्यंत टिकेल हे त्यात नमूद असावे. मुदत तीस दिवसांहून कमी नसावी. लेखी ऑफरची तारीख त्यासाठी १ ऑगस्टच्या आधी आणावी लागली तर आणावी.

जानेवारीत दाखल होणारी मुले वगळता इतरांची सही पुन्हा फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी न्यावी.

सही झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत मुख्य प्रशिक्षक, समन्वयक (आक्रमण किंवा बचाव सांभाळणारा प्रशिक्षक) किंवा त्या जागेचा प्रशिक्षक यांपैकी कोणीही गेले, तर मुलाला कोणतेही कारण न विचारता करारातून मोकळे होण्याचा हक्क असावा. तो ठरवेपर्यंत त्याची शिष्यवृत्ती दुसऱ्याला देऊ नये, आणि त्याच्या जागेसाठी पोर्टलमधून कोणाला घेत असल्यास ते त्याला त्याच आठवड्यात लेखी कळवावे. वर्तमानपत्रातून किंवा मित्राच्या फोनवरून ते कळता कामा नये.

अधिकृत भेटीच्या आधी प्रत्येक कुटुंबाच्या हाती एक पान द्यावे. त्यावर त्या जागेचा तीन वर्षांचा हिशोब, मुख्य प्रशिक्षक आणि त्या जागेचे प्रशिक्षक यांचे करार कधी संपतात, संघातली मुले कोणते विषय शिकतात, सोडून गेलेली मुले धरून पदवीचा दर किती, आणि त्या जागेला मिळणाऱ्या पैशाचा साधारण अंदाज एवढे असावे. मुलगा परदेशी नागरिक असेल तर व्हिसाची माहितीही त्याच पानावर द्यावी. एका पानाहून अधिक मी मागत नाही.

माझा मुलगा येत्या ऑगस्टमध्ये एका लहान डिव्हिजन थ्री कॉलेजात जाणार आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, त्यामुळे आम्ही कर्ज काढतो आहोत. करारातून त्याला मोकळे करताना विद्यापीठाने आडकाठी केली नाही, हेही नोंदवते. या नव्या कॉलेजच्या कोचने पहिल्याच भेटीत समोर बसून सांगितले की त्यांचा सध्याचा किकर चांगला आहे, त्याची अजून दोन वर्षे बाकी आहेत, आणि तोवर माझ्या मुलाला बहुधा बाहेर बसावे लागेल. मुलाने त्यांना दोनच प्रश्न विचारले आणि त्याच दिवशी होकार दिला. मैदानावरच्या वाऱ्याची टिपणे असलेली ती जुनी वही त्याने कोल्हापूरला आजोबांकडे पाठवली आहे.

पुढच्या तुकडीतली मुले येत्या डिसेंबरमध्ये सह्या करतील. आमच्या शाळेतली तीन मुले त्यांत आहेत आणि त्यांच्या घरून मला आतापासूनच फोन येत आहेत. त्यांच्या सहीआधी आपले लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली,
एका किकरची आई
टेक्सस, मूळ गाव कोल्हापूर